सेल्युलोजच्या धाग्याला प्रथिन किती चिकटलं? उजेडावरून मोजायची रीत

उसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी-अथणीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, एक समीकरण त्याला पाठ असतं: ऊस आणि वरून मारलेलं पाणी यांचं वजन म्हणजे मिश्र रस आणि बगॅस (उसाचा चोथा) यांचं वजन. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठंतरी गळती आहे, नाहीतर काटा चुकतोय. हा लेख प्रथिनांच्या मोजणीवर आहे, पण त्याचा गाभा हाच ताळा आहे. नळीत जेवढं प्रथिन घातलं तेवढ्याचा पत्ता शेवटी लागला पाहिजे. काही द्रवात राहिलं, काही धाग्याला चिकटलं, आणि काही तिसरीकडेच गेलं. हे तिसरं विसरलं की आकडा फसवतो.

मी बेळगावात एमएस्सीच्या मुलांना शिकवते. निपाणी, खानापूर, चिकोडीकडून येणाऱ्या बऱ्याच मुलांची दहावीपर्यंतची शाळा मराठी, आणि नंतर प्रयोगाच्या सगळ्या रीती मात्र इंग्रजीतून. कृती पाठ होते, पण ती तशीच का करायची हे हातात येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी, आणि सेल्युलोजवर काम सुरू करणाऱ्या कुणासाठीही.

काय चिकटतं, कशामुळे

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजायला लागले. त्यातून जी बुरशी वेगळी काढली तिला पुढं ट्रायकोडर्मा रीसेई नाव मिळालं, आणि सेल्युलेजच्या, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या), अभ्यासात ती आजही केंद्रस्थानी आहे. तिच्या मुख्य विकराला, सेल-७-एला, दोन भाग असतात: एक साखळी कापणारा, आणि एका लवचिक दोरीनं त्याला जोडलेला, धाग्याला धरून ठेवणारा छोटा भाग. हा धरणारा भाग साधारण ३६ अमिनो आम्लांचाच आहे. त्याच्या सपाट बाजूवर टायरोसिनची तीन कडी ओळीनं बसलेली असतात, आणि ती सेल्युलोजच्या स्फटिकातल्या ग्लुकोजच्या कड्यांवर चपखल टेकतात. अशा भागांना कर्बोदक-बंधक भाग म्हणतात, बोलताना आपण सीबीएम म्हणतो. त्यांची कितीतरी कुळं आहेत. काही सुबक स्फटिकाला धरतात, काही विस्कटलेल्या, मोकळ्या साखळ्यांना.

कुठलं सीबीएम किती घट्ट धरतं, आणि एक ग्रॅम धाग्यावर त्याला किती जागा मिळते, हे दोन आकडे आपल्याला काढायचे आहेत. मोजायचं कसं? प्रथिनाला चमकणारं लेबल लावायचं, धाग्याबरोबर फिरवायचं, धागा खाली बसवायचा, आणि वरच्या द्रवात किती चमक उरली ते बघायचं. एका वाक्यात रीत एवढीच. खरी मेहनत पुढं आहे.

लेबल कोणतं: जीएफपी की रंग

दोन वाटा आहेत. पहिली, सीबीएमच्या जनुकाला हिरव्या चमकत्या प्रथिनाचं, म्हणजे जीएफपीचं जनुक जोडून दोन्ही एकत्रच जिवाणूत बनवायची. जीएफपी मूळचं एका जेलीफिशमधलं. ओसामु शिमोमुरांनी ते १९६२ साली वेगळं केल्याचं जाहीर केलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना चॅल्फी आणि त्सिएन यांच्यासह मिळालं. या वाटेचा मोठा फायदा असा की प्रत्येक सीबीएममागं नेमकं एकच जीएफपी असतं. चमक मोजली की रेणू मोजले. तोटा आकाराचा: जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टनचं आहे, म्हणजे ३६ अमिनो आम्लांच्या सीबीएमपुढं हत्तीच. धाग्यावर ते शेजारची जागाही अडवतं, त्यामुळं कमाल क्षमता कमी दिसू शकते. मध्ये लांब, लवचिक जोड ठेवल्यास त्रास थोडा हटतो.

दुसरी वाट रासायनिक रंगाची. एफआयटीसी (फ्लुओरेसिन आयसोथायोसायनेट) हा हिरवा चमकणारा रंग सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा. तो प्रथिनातल्या लायसिनच्या अमिनो गटांवर बसतो. इथं बफरची निवड मोलाची आहे. ट्रिस किंवा ग्लायसिन बफरात स्वतःचेच अमिनो गट असतात, रंग त्यांनाच खातो आणि प्रथिन कोरडं राहतं. म्हणून प्रथिन आधी ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेटात, पीएच ९ च्या आसपास आणायचं. सांद्रता २ ते ५ मिलिग्रॅम प्रति मिली असावी. एफआयटीसी ताजाच डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, हळूहळू, हलवत हलवत घालायचा. अंधारात एक-दोन तास. मग जी-२५ जेलच्या, म्हणजे लहान रेणूंना मागं रेंगाळवणाऱ्या जेलच्या, छोट्या स्तंभातून काढायचं. पिवळा पट्टा पहिल्यांदा उतरतो तो प्रथिनाचा, मागून रेंगाळत येतो तो सुटा रंग.

हा सुटा रंग पूर्ण गेला की नाही, ही बघण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो सेल्युलोजला फारसा चिकटत नाही, द्रवातच राहतो, आणि चमक मोजणाऱ्या यंत्राला तो "न चिकटलेलं प्रथिन" म्हणूनच दिसतो. समजा, चमकेचा दहावा हिस्सा सुट्या रंगाचा असेल, तर तुमचं प्रथिन कितीही चांगलं असलं तरी ९० टक्क्यांवर बंधन दिसणारच नाही. तपासणी सोपी आहे. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर थोडं चालवा, आणि कूमासीनं (प्रथिनं रंगवायच्या निळ्या रंगानं) रंगवायच्या आधी निळ्या उजेडात बघा. प्रथिनाचा पट्टा त्याच्या जागी दिसेल, सुटा रंग असेल तर अगदी खालच्या टोकाला पळालेला दिसेल.

एका प्रथिनावर सरासरी किती रंग बसले तेही काढायचं. २८० आणि ४९४ नॅनोमीटरवरचं शोषण घ्या. रंगाचं मोलर शोषणांक पीएच ८ च्या वर सुमारे ६८,००० धरतात. एफआयटीसी २८० वरही थोडं शोषतो, म्हणून २८० च्या आकड्यातून ४९४ च्या आकड्याचा ०.३ पट वजा करून मगच प्रथिनाची सांद्रता काढायची. गुणोत्तर एकच्या आसपास किंवा खाली ठेवा. जास्त रंग लावले तर ते एकमेकांची चमक मारतात, आणि नेमक्या धरणाऱ्या बाजूच्या लायसिनवर रंग बसण्याची शक्यताही वाढते.

माझं मत विचाराल तर: जनुकं जोडायची सोय असेल तर जीएफपीनं सुरुवात करा. नसेल तर एफआयटीसीनंही उत्तम काम होतं, फक्त पुढं दिलेली मिसळण्याची चाचणी टाळू नका.

धागा कुठून आणायचा

शुद्ध नमुना म्हणून सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजची भुकटी, ॲव्हिसेल, सगळीकडं वापरतात. आकडे इतरांशी ताडून बघायचे तर तीच बरी. पण आपल्याकडं धाग्याला काय तोटा! फिल्टर पेपर आहे, बैलहोंगलकडचा कापूस आहे, शहापूर-वडगावच्या मागावरचं सूत आहे, आणि कारखान्याचं बगॅस तर डोंगराएवढं.

मागावरचं सूत घेणार असाल तर ताण्याचं घेऊ नका. उभ्या धाग्याला खळ लावलेली असते, आणि खळ बहुतेकदा पिठूळ. तुमचं प्रथिन सेल्युलोजला चिकटलं की खळीला, हे कसं कळणार? बाण्याचं, आडवं सूत घ्या. तेही सौम्य सोड्याच्या पाण्यात उकळून, भरपूर धुऊन. आणि आधी ते खरंच सुती आहे का बघा. एक धागा जाळा: सूत कागदासारखा वास देऊन राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हल्ली मागावर काय चाललंय ते नुसतं हाताला लागून ओळखू येत नाही.

दुसरी फसवणूक पांढरेपणाची. छपाईचा कागद, धुतलेलं कापड यांत उजळपणासाठी घातलेली द्रव्यं अतिनील उजेडात निळी चमकतात. दुकानात नोटा तपासायचा दिवा असतो ना, त्याखाली तुमचा नमुना धरा. निळा लखलखला तर बाजूला ठेवा. प्रयोगशाळेचा फिल्टर पेपर असा चमकत नाही.

बगॅसचा विषय वेगळा, कारण त्यात सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्केच, बाकी हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे खोडाला कडकपणा देणारं द्रव्य. लिग्निन स्वतः निळसर-हिरवं चमकतं, आणि वर प्रथिनांना कसंही, कुठंही चिकटवून घेतं. आधी गरम पाण्यानं साखर पूर्ण धुऊन काढा, वाळवा, दळा, चाळा. मग लिग्निन कमी करायला क्षारी पेरॉक्साइडची रीत सुरक्षित आणि स्वस्त आहे: हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक-दोन टक्के द्रावण, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ११.५ वर आणलेलं, त्यात रात्रभर हळू ढवळत ठेवायचं. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या आणि झाकण घट्ट लावू नका. हातमोजे, चष्मा हवाच. नंतर पीएच सातवर येईपर्यंत धुवा.

आणि इथं थांबा. प्रक्रियेनंतर धागा पुन्हा ओव्हनमध्ये खडखडीत वाळवू नका. एकदा कडक वाळला की धाग्यातली बारीक छिद्रं मिटतात आणि पाण्यात टाकल्यावर पूर्वीसारखी उघडत नाहीत. प्रथिनाला जागा कमी मिळते. ओलाच फ्रिजमध्ये ठेवा, आणि त्यातला छोटासा भाग वेगळा काढून १०५ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजन काढा. सगळा हिशेब कोरड्या ग्रॅमवरच करायचा.

ॲव्हिसेललाही हा नियम लागू आहे. एका जुलैत, झड लागलेली असताना, मी उघड्या राहिलेल्या बरणीतून थेट वजन करून आठवडाभराचे प्रयोग केले. भुकटीनं हवेतली ओल ओढून घेतली होती. आकडे आधीच्या उन्हाळ्याशी जुळेनात. प्रथिन बदललं, बफर बदललं, दोष सापडेना. शेवटी कोरडं वजन केलं तेव्हा उलगडलं. पावसाळ्यात बेळगावात हे पुन्हा पुन्हा होणार आहे, म्हणून प्रत्येक नवीन लगद्याचं (द्रवात कालवलेल्या सेल्युलोजचं) कोरडं वजन त्याच दिवशी काढा.

प्रयोगाचा दिवस

आदल्या दिवशी सेल्युलोज तीन वेळा पाण्यानं आणि एकदा बफरानं धुवा. प्रत्येक वेळी खाली बसू द्या आणि वर तरंगणारे बारीक कण ओतून टाका. हे कण नंतर सेंट्रिफ्यूजमध्येही नीट बसत नाहीत, उजेड विखुरतात आणि यंत्राला खोटी चमक दाखवतात.

लगदा १० मिलिग्रॅम प्रति मिलीचा करा. पिपेटचं टोक कात्रीनं कापून रुंद करा, नाहीतर धागे तोंडाशी अडकतात. लगदा सतत हलता ठेवा, पण चुंबकी कांडीनं तासन्‌तास ढवळू नका, ती धागे दळते. हातानं गोल फिरवत घ्या. हात बसला की नाही ते आधी तपासा: पाच रिकाम्या, वजन केलेल्या नळ्यांत प्रत्येकी १ मिली लगदा घालून वाळवा आणि वजन बघा. पाचांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आज प्रयोग नको, सराव करा.

बफर म्हणून ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५, सोबत १०० मिलिमोलर मीठ. बुरशीच्या विकरांना हे मानवतं. एकटं सीबीएम असेल तर फॉस्फेट, पीएच ७ चालतं. पूर्ण विकर वापरत असाल तर सगळं ४ अंशावर करा, नाहीतर तुम्ही चिकटणं मोजताय आणि तो खाली धागाच खातोय. खोलीच्या तापमानाला करायचं तर तापमान लिहून ठेवा. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ एकच नव्हे.

सांद्रता ठरवताना आमचा नेम सेंट्रिफ्यूजवरून ठरला. त्यात २४ जागा. प्रथिनाच्या सहा पातळ्या घ्या: ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ मायक्रोमोलर. प्रत्येक पातळीच्या तीन नळ्या सेल्युलोजसह, एक नळी सेल्युलोजशिवाय. झाल्या २४. बाकीच्या नियंत्रण नळ्या दुसऱ्या फेरीत. प्रथिन आधी एकदा जोरात सेंट्रिफ्यूज करून घ्या, म्हणजे गुठळ्या निघून जातील, आणि मग सगळ्या पातळ्या ताज्या पातळ करा.

१. २ मिलीच्या नळ्या घ्या, भरायचं १ मिलीच. वर जागा राहिली तरच मिसळण नीट होतं. प्रथिन कमी धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या मिळाल्या तर उत्तम.

२. आधी बफर, मग ०.१ मिली लगदा, म्हणजे १ मिलिग्रॅम कोरडं सेल्युलोज. सेल्युलोजशिवायच्या नळीत तेवढंच बफर.

३. शेवटी प्रथिन. घातल्याची वेळ लिहा.

४. नळ्या गोल फिरणाऱ्या यंत्रावर, फॉइलखाली, अंधारात. पहिल्याच वेळी किती वेळ लागतो ते काढा: एकाच पातळीच्या नळ्या ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी उतरवा. आकडा स्थिरावला की त्याच्या दुप्पट वेळ कायमचा ठरवा. पुष्कळ सीबीएमना तासभर पुरतो, बगॅसला जास्त लागतो, कारण आत शिरायला वेळ लागतो.

५. सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर (गुरुत्वाच्या १२,००० पट) १० मिनिटं. नळ्या लगेच, हळू उचला. वरच्या थरातून २०० मायक्रोलिटर नव्या नळीत घ्या आणि पुन्हा एकदा फिरवा. गाळणी लावायचा मोह होतो, पण नायट्रोसेल्युलोजची गाळणी स्वतःच प्रथिन पिते.

६. त्यातले २० मायक्रोलिटर १८० मायक्रोलिटर ट्रिस बफरात, १०० मिलिमोलर, पीएच ८. चमक वाचायच्या, बारीक खाचांच्या काळ्या प्लेटमध्ये.

ही सहावी पायरी का, ते समजून घ्या. जीएफपी काय आणि एफआयटीसी काय, पीएच ५ ला दोघांचीही चमक मंदावते. एफआयटीसीचा बदल पीएच ६.४ च्या आसपास होतो, सुधारित जीएफपीचा ६ च्या आसपास. पीएच ५ वरच वाचलं तर पीएचमधल्या बारीकशा फरकानं आकडे हलतात. चिकटवायचं आम्लात, वाचायचं क्षारात. आणि दहापट पातळ केल्यानं दुसरं कामही साधतं: नमुना फार दाट असला की वरचा थरच उजेड शोषतो आणि खालच्यांना तो पोचत नाही, त्यामुळं चमक खरी असते त्याहून कमी भरते. उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषण ०.०५ च्या आत ठेवा. सुधारित जीएफपीचा १ मायक्रोमोलर एका सेंटीमीटरला साधारण ०.०५५ शोषतो, यावरून अंदाज करा.

वाचन: उत्तेजन ४८५ ते ४८८, उत्सर्जन जीएफपीसाठी ५१० च्या आसपास, एफआयटीसीसाठी ५२०. यंत्राचा दिवा अर्धा तास आधी लावा. प्रत्येक प्लेटवर स्वतःची प्रमाणित मालिका हवी, त्याच बफरमिश्रणात पातळ केलेली. मध्येच वीज गेली तर परत आल्यावर दिवा पुन्हा तापवून सगळी प्लेट नव्यानं वाचा, अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची असं जोडू नका.

आपल्याकडं बऱ्याच कॉलेजांत असं यंत्र नसतं. मग मोठ्या संस्थेत एका दिवसाची वेळ मागून घ्यावी लागते. नमुने आधी करून बर्फात, अंधारात न्या. आणि सोबत न फिरवलेल्या प्रथिनाची एक नळीही न्या. प्रवासात किती चमक गेली ते तीच सांगेल.

ताळा

"मॅडम, सगळं चिकटलंय की वो!" दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं आनंदानं येऊन सांगितलं. वरच्या द्रवात चमक जवळजवळ शून्य होती. मी विचारलं, "सेल्युलोज नसलेल्या नळीत किती आहे?" ती नळी तिनं ठेवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ठेवली. तिथंही जवळजवळ शून्य. प्रथिन अगदी पातळ होतं आणि सगळं प्लास्टिकच्या भिंतीला गेलं होतं. ती रडवेली झाली. मी तिला म्हटलं, हे आज कळलं ते चांगलं झालं, प्रबंधात छापून आल्यावर कळलं असतं तर?

म्हणून या नळ्या ठेवल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही:

सेल्युलोजशिवाय प्रथिन, प्रत्येक पातळीला. भिंतीला किती गेलं, किती विझलं, ते यातून. बफरात ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं तर भिंतीची गळती बरीच कमी होते, पण ते सगळ्या नळ्यांत सारखंच घाला.

प्रथिनाशिवाय सेल्युलोज. धाग्यातून सुटून येणारी चमक आणि तरंगणारे कण यातून कळतात. ॲव्हिसेलला नगण्य, बगॅसला मोठी.

जीएफपी एकटं, सीबीएमशिवाय. रंगाच्या वाटेनं गेलात तर एफआयटीसी लावलेलं बीएसए. हे चिकटायला नको. चिकटलं तर तुमचा धागा स्वच्छ नाही.

नुसता सुटा रंग, धाग्याबरोबर.

आता मिसळण्याची चाचणी. लेबलमुळं प्रथिनाची पकड बदलली का, हे इथंच कळतं. एकूण प्रथिन ४ मायक्रोमोलर कायम ठेवा, पण त्यातलं लेबल लावलेलं कधी सगळं, कधी निम्मं, कधी पाव, बाकीचं बिनलेबलचं. लेबलचा काही त्रास नसेल तर चमकेचे शेकडा किती चिकटले हा आकडा तिन्ही वेळी सारखाच राहील. बिनलेबलचं वाढवत नेल्यावर चमकेची टक्केवारी घसरत गेली तर समजा, लेबलवालं प्रथिन हटवलं जातंय, त्याची पकड कमजोर आहे. वाढत गेली तर रंगामुळं ते उलट जास्त चिकटत होतं.

शेवटी खालच्या गाळाचा हिशेब. गाळ एकदा बफरात धुवा, मग एसडीएसच्या द्रावणात उकळून जेलवर चालवा. लक्षात ठेवा, उकळल्यावर जीएफपी उलगडतं आणि चमक जाते, तेव्हा पट्टा कूमासीनंच बघावा लागतो. एफआयटीसीचा रंग टिकतो. द्रवातलं अधिक गाळातलं मिळून घातलेल्याच्या ९० टक्क्यांच्या आत-बाहेर आलं की मला झोप लागते. ६० टक्के आलं तर बाकीचं ४० कुठं गेलं ते शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही.

गणित

एक नळी घेऊ, आकडे समजावण्यापुरते. घातलं ४ मायक्रोमोलर, १ मिलीत, म्हणजे ४ नॅनोमोल. सेल्युलोजशिवायच्या नळीत सापडलं ३.८. सेल्युलोजच्या नळीत वर उरलं १.९. चिकटलं ३.८ वजा १.९, म्हणजे १.९ नॅनोमोल, १ मिलिग्रॅमवर. ग्रॅमला १.९ मायक्रोमोल. भिंतीची नळी नसती तर तुम्ही ४ मधून १.९ वजा करून २.१ लिहिलं असतं, दहा टक्के फुगवून. काटेकोर बोलायचं तर सेल्युलोज असलेल्या नळीत मोकळं प्रथिन कमी असतं, त्यामुळं भिंतीला जाणारंही थोडं कमीच असतं. म्हणजे ही वजावट जरा जास्तीची आहे. गळती पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, जास्त असेल तर नळ्या बदला.

आता सहाही पातळ्यांचे बिंदू मांडा. आडव्या अक्षावर मोकळं प्रथिन, उभ्यावर ग्रॅममागं चिकटलेलं. आडव्या अक्षावर घातलेलं प्रथिन मांडायची चूक नवखे हमखास करतात. वळणाला बसवायचं सूत्र आयर्विंग लँगम्यूर यांचं, १९१८ सालचं, मुळात सपाट पृष्ठांवर बसणाऱ्या वायूंसाठी मांडलेलं:

चिकटलेलं = कमाल क्षमता × मोकळं ÷ (के-डी + मोकळं)

के-डी म्हणजे निम्म्या जागा भरतात तेव्हाची मोकळी सांद्रता. तो जितका लहान, पकड तितकी घट्ट. वरच्या उदाहरणात कमाल क्षमता २.५ आणि के-डी ०.६ निघाली असं समजा: २.५ × १.९ ÷ २.५ = १.९. बसलं.

पूर्वी आलेख सरळ रेषेत आणायला उलटसुलट भागाकार करून स्कॅचर्डची रेषा काढत. आता स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरनं किंवा पायथननं थेट वळणच बसवा. सरळ रेषेच्या रीतीत सगळ्यात लहान, सगळ्यात चुकीची मोजमापं सगळ्यात जोरात ओढतात. स्कॅचर्ड फक्त डोळ्यांनी बघायला ठेवा: रेषा वाकली तर धाग्यावर दोन तऱ्हेच्या जागा असतील, किंवा प्रथिनं एकमेकांची जागा अडवत असतील. सेल्युलोजवर दुसरं कारण नेहमीच असतं, कारण एक सीबीएम अनेक ग्लुकोजची लांबी व्यापतं आणि मधल्या तोकड्या फटी वाया जातात. बसमध्ये लोक ऐसपैस बसले की अर्धी-अर्धी जागा शिल्लक राहते, पण बसता कुणालाच येत नाही, तसं.

मोकळ्या प्रथिनाची मोजलेली सांद्रता के-डीच्या दहाव्या हिश्श्यापासून दहापटीपर्यंत पसरलेली नसेल तर निघालेल्या आकड्यांवर फार विसंबू नका. वळण वर जाऊन सपाट झालंच नसेल तर कमाल क्षमता हा संगणकाचा अंदाज आहे, तुमचं मोजमाप नव्हे.

आणि उलटं फिरवून बघा. चिकटवून झाल्यावर वरचा निम्मा द्रव काढून तेवढंच बफर घाला, पुन्हा तासभर फिरवा, पुन्हा वाचा. नवा बिंदू त्याच वळणावर पडला तर बंधन खरंच जाणारं-येणारं आहे. वळणाच्या वर राहिला तर प्रथिन सुटायला तयार नाही, आणि मग के-डी या शब्दाचा अर्थच ढिला होतो. काही सीबीएम अशीच असतात. अशा वेळी "वरवरची के-डी" असं लिहावं.

धाग्यावर प्रत्यक्ष

नळीतला आकडा किती ते सांगतो, कुठं ते सांगत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक. कापसाचा एक धागा काचपट्टीवर, ओलाच ठेवा. वाळला की चमक गोळा होऊन कडांना भलत्याच रेषा दिसतात. बिनप्रथिनाचा धागा त्याच उघडझापीत (कॅमेऱ्याच्या एक्स्पोजरमध्ये) आणि त्याच प्रखरतेनं आधी टिपा, मगच चमकता. कॉन्फोकल (लेसरनं एकेक पातळ थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) मिळालं तर छोटासा ठिपका लेसरनं विझवून तिथं चमक परत येते का पाहता येतं. परत आली तर प्रथिनं धाग्यावर हलतायत किंवा द्रवातली येऊन जागा घेतायत. दोन्हींतला फरक कळायला द्रवातलं मोकळं प्रथिन धुऊन टाकून पुन्हा तोच प्रयोग करा.

बगॅसकडं परत

ॲव्हिसेलवर हात बसला, ताळा जुळू लागला, की मगच बगॅस घ्या. तिथं दोन गोष्टी बदला. हिरव्याऐवजी लाल बाजूचा रंग वापरा, ६५० च्या आसपास उत्तेजित होणारा. लिग्निनची स्वतःची चमक तिथं बरीच ओसरलेली असते. आणि प्रत्येक पातळीला नळ्यांचे दोन संच लावा: एक साधा, दुसरा ज्यात बिनलेबलचं बीएसए १० मिलिग्रॅम प्रति मिली घालून तासभर आधी फिरवलंय. बीएसए लिग्निनच्या जागा अडवतं, सेल्युलोजला फारसं हात लावत नाही. दोन संचांतला फरक म्हणजे ढोबळमानानं लिग्निननं गिळलेलं प्रथिन. बगॅसपासून इथेनॉल करायचं तर विकराचा खर्च हीच मोठी अडचण असते, आणि तो खर्च वाढवणाऱ्या गोष्टींत लिग्निनची ही गिळंकृती आहे.

वहीत हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहा, आणि त्यांच्याबरोबर बगॅस कोणत्या महिन्यातलं, ढिगात किती दिवस पडलेलं, पेरॉक्साइड किती तास, कोरडं वजन किती, तापमान किती, हेही. ढिगात महिनाभर तापलेलं बगॅस आणि गिरणीच्या पट्ट्यावरून आजच उचललेलं बगॅस हे दोन वेगळे धागे आहेत. त्यांना वेगळ्या बरण्यांत, वेगळ्या चिठ्ठ्यांसह ठेवा.